गावठी गुलाब आणि सभ्य घरातले चोर

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी मिरचीच्या रोपांवरची माव्याची कीड धूत होते. "काकू, तुमचं सगळं आयुष्य फुलांच्या सहवासात गेलं. त्या आनंदाबद्दल आमच्या दिवाळी अंकासाठी लिहा ना," त्या म्हणाल्या. फुलांचा सहवास गिऱ्हाइकांना मिळतो. नर्सरीवालीच्या वाट्याला शेणखत, गोगलगाई आणि माणसं येतात. पहिल्या दोहोंबद्दल माझी काही तक्रार नाही.

परभणीहून ताडकळसकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची नर्सरी आहे. वांगी-मिरचीची रोपं, तुळस, मरवा, गवती चहा, पानओवा, मोगरा, जाई, कण्हेर, बेल, असं अंगणात नि परसात लागणारं सगळं आम्ही करतो. मालक, म्हणजे आमचे हे, होते तोवर दोघं मिळून करायचो, ते गेल्यावर मी एकटीनं केलं, आणि आता गुडघे कुरकुरायला लागले तरी करतेच आहे. पण नर्सरी कधी काढली, कशी वाढवली, ते सांगत बसत नाही. कुणाला त्याचं काही पडलेलं नसतं. मी एका गुलाबाचं सांगते, कारण या धंद्यात मला जेवढा ताप झाला त्यातला निम्मा त्या एका झाडापायी झाला.

तो गुलाब नर्सरीच्या फाटकाशीच होता. गावठी. फिक्कट गुलाबी, पाकळ्या विस्कटलेल्या, सकाळी खुडलेलं फूल दुपारी मान टाकणार. दिसायला काही खास नाही. पण वास असा, की रस्त्यानं जाणारा माणूस मोटारसायकल थांबवून विचारायचा, "हितं अत्तर सांडलंय का ओ?" मालकांनी ते झाड कुठून आणलं होतं ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की नुसते हसायचे. फाटकाजवळ गिऱ्हाइकांसाठी पाण्याचा माठ असतो. रोज सकाळी ते एक फूल खुडायचे आणि त्याच्या पाकळ्या माठात टाकायचे. उन्हातून आलेला माणूस ते पाणी पिऊन जरा वेळ गप्प बसायचा, आणि मग भाव पाडायला सुरुवात करायचा.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत मालक मला म्हणाले, "नर्सरी झेपली तर चालव, नाही झेपली तर मोड. तेवढा गुलाब मात्र राख." दुसरं काही त्यांनी माझ्यावर सोपवलं नाही. आणि तेवढं एक काम बिघडवायला अर्धी परभणी टपून बसलेली.

आमच्याकडे एक समज आहे. इतरत्रही असेल, पण आमच्याकडे तो फार पक्का आहे. चोरून आणलेलं रोप लागतं, मागून आणलेलं रडत-रखडत लागतं आणि विकत आणलेलं मरतं. नर्सरीवर पोट असणाऱ्या बाईसाठी याच्याहून वाईट समज शोधून काढणं अवघड आहे. बरं, चोर म्हणजे भुरटे नव्हेत. चांगल्या घरच्या बायका, बँकेतल्या मॅडम, भजनी मंडळातल्या म्हाताऱ्या. मोगऱ्याच्या कुंड्या घ्यायच्या, सांगितले तेवढे पैसे द्यायचे, आणि मी सुट्टे आणायला वळले की फाटकाशी कट्‌कन आवाज. वळून बघावं तर बाई आभाळाकडे बघतायत आणि पिशवीतल्या मेथीतून काटेरी टोक वर आलेलं.

"अहो बाई, ती काडी कशाला? माझ्याकडं तयार रोप आहे ना," मी म्हणायची.

"इकतचं लागत न्हाई ओ काकू," असं अगदी मायेनं सांगायच्या. माझ्याच नर्सरीत उभ्या राहून.

आधी मी दर पावसाळ्यात त्या गुलाबाची रोपं करायची. खपत नसत. ज्यांना विकतचा गुलाब हवा असे त्यांना तो बशीएवढा, लालभडक आणि बिनवासाचा हवा असे. ज्यांना गावठी हवा असे ते चोरायचे. शेवटी वैतागून मी त्याची रोपं करायचंच सोडून दिलं. म्हटलं, आहे ते झाड राखलं तरी पुष्कळ झालं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाजारात मिळणारा मोठ्या फुलाचा गुलाब म्हणजे खरं तर दोन झाडं असतात. खाली रानटी गुलाबाचं खोड आणि त्यात चांगल्या जातीचा डोळा बसवलेला. डोळा म्हणजे काडीवरचा तो बारीक फुगवटा, जिथून नवी फूट येते. या जोडाच्या खालून जी फूट येईल ती रानटी. ती दिसली की लगेच काढायची, नाहीतर सगळा जोर ती ओढून घेते आणि वरचा गुलाब मरतो. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. प्रत्येक गिऱ्हाईक मान डोलावतं.

वाघमारे सर म्हणून एक निवृत्त शिक्षक आहेत. गुलाब घेऊन गेले, आणि एक वर्षानं फूलच येत नाही अशी तक्रार घेऊन आले. मी घरी जाऊन बघितलं. वरचा गुलाब केव्हाच वाळून गेलेला आणि खालची रानटी फूट माणसाच्या डोक्यावरून जाऊन खिडकीला भिडलेली. सरांनी तिला काठ्यांचा मांडवही घातला होता.

"सर, हे काढावं लागेल. हा तुमचा गुलाब नाहीच," मी कात्री काढत म्हटलं.

"आसं कसं? रोज पाणी मी घालायलोय. जोम बगा की जरा!"

"जोम आहे हो, पण फूल येणार नाही."

"नगं येऊ दे," सर कात्रीच्या आणि झाडाच्या मधे येऊन उभे राहिले. "इतक्या मनापासून वाढायलंय, त्याला फुलाचं कामून विचारायचं?"

मी कात्री पिशवीत टाकली. सर अजून त्या मांडवाच्या सावलीत पेपर वाचतात, आणि भेटले की न चुकता सांगतात, "तुमचा गुलाब लय छान हाय."

गावठीचं तसं नसतं. तो मुळापासून शेंड्यापर्यंत एकच. कुठलीही काडी मातीत खोचा, लागली तर तोच गुलाब, तोच वास. म्हणून तर चोरांचं फावतं.

कधीकधी मात्र असे लोक येतात की त्यांच्यापुढे चोर परवडले. आमची काळी माती कापसाला सोन्यासारखी आहे, पण कुंडीत घातली की तिची वीट होते. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. "आमच्या रानातली माती हाय, एक नंबर!" असं म्हणत पोतं घेऊन येणाऱ्याला मी सांगते, बाबा, यात निम्मी रेती आणि शेणखत मिसळ. त्याला तो स्वतःच्या रानाचा अपमान वाटतो. राणीसावरगावचे एक बागायतदार तर मला म्हणाले, "आमच्या मातीत रेती? लोकं काय म्हणतील?" कुंडीला कोण काय म्हणणार होतं देव जाणे. त्यांचा मोगरा गेला, मग दुसरा गेला, आणि मग ते म्हणाले की तुमच्या मोगऱ्यातच दम न्हाई.

आणि तुळस. तुळस उन्हानं मरत नाही हो, पाण्यानं मरते. घरात जितक्या बायका तितके तांबे, रोज. वर दूध, वर हळद-कुंकू, बुडाशी तेलाची पणती. वरून पाऊस कोसळत असताना छत्री धरून तुळशीला पाणी घालणारी बाई मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. तिला म्हटलं, "अगं, पावसाळ्यात नुसतं चमचाभर घाल, देव काही मोजत नाही." तर म्हणाली, "चमच्यानं पाणी? देव काय आजारी हाय का?" दर महिन्याला ती नवी तुळस न्यायची. तुळस म्हटली की विकतची बरोबर चालते, हेही बघून ठेवा.

या सगळ्यांत शिवकांता अक्का मात्र वेगळ्या होत्या. ताडकळसला त्यांच्या यजमानांचं किराणा दुकान. घराणं शिवभक्त, गळ्यात लिंग, रोजच्या पूजेला बेल लागायचाच. माझ्याहून वयानं थोड्या मोठ्या, म्हणून मी अक्का म्हणायची. रोपाच्या रिकाम्या काळ्या पिशव्या धुऊन परत आणून देणारं त्यांच्यासारखं दुसरं गिऱ्हाईक मला कधी भेटलं नाही. मला त्या आवडायच्या.

एकदा त्या बेलाचं रोप न्यायला आल्या. रोप घेतलं, माठातलं पाणी प्याल्या, रिक्षात बसून गेल्या. त्या दिवशी दुसरं कुणी गिऱ्हाईक फिरकलंच नाही. संध्याकाळी झारी घेऊन फाटकाशी आले आणि बघते तर गुलाबाची मधली, सगळ्यांत जाड फांदी गेलेली. नुसती मोडलेली नव्हती, ओढून काढलेली होती. साल पार बुंध्यापर्यंत सोलून आली होती.

काडी कापायची एक रीत असते. डोळ्याच्या जरा खाली, धारदार कात्रीनं, तिरका काप द्यायचा. झाडाला कळतसुद्धा नाही. पण साल सोलली की ती बाजू वाळायला लागते, कारण झाडाचं अन्न सालीतूनच वाहतं, आणि उघड्या जखमेत कीड नि बुरशी शिरते. मी शेणामातीचा लेप लावला, वर ओलं फडकं बांधलं. पण माझं डोकं जे तापलं ते काही उतरेना.

ताडकळसच्या आठवडी बाजारात मी रोपं घेऊन बसायची. पुढच्या बाजाराला अक्का भाजी घ्यायला आल्या तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही.

"अक्का, गुलाब मागितला असता तर मी दिला नसता का?" मी जरा मोठ्यानंच विचारलं.

अक्का थांबल्या. जराही गडबडल्या नाहीत. "मागून नेलेलं लागत न्हाई, विमलबाई. तुमाला म्हाईत हाय की."

"आणि चोरून नेताना झाड सोलून काढायचं?"

चोरीचं नाव निघताच शेजारचा कांदेवाला तोलता तोलता थांबला. बायका गोळा झाल्या. अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"चोर कुणाला म्हणायलात? आमच्या मापात कदी पाप झालं न्हाई. झाडाचं लेकरू नेलंय मी वाढवायला, तुमचं डबोलं न्हाई नेलं!"

"लेकरू असं ओरबाडून नेतात का?"

अक्कांनी रिकामी पिशवी काखेत मारली. त्या भाजी न घेता निघून गेल्या. त्यानंतर कित्येक वर्षं त्या बाजारात माझ्यासमोरून मान फिरवून जायच्या आणि बेल दुसरीकडून आणायच्या. माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. झाड सोललं होतं.

गुलाब जगला. एका अंगानं वाकडा झाला, पण फुलत राहिला, आणि माठाच्या पाण्याला वास येत राहिला. मालकांचं काम मी पार पाडत होते. मग रस्ता रुंद करायचं निघालं.

फाटक मागं घ्यावं लागणार होतं आणि गुलाब बरोबर रस्त्यात येत होता. तेही ऐन वैशाखात. मी म्हटलं, एक पाऊस पडू द्या, मी झाड हलवते. ठेकेदाराचा माणूस वाईट नव्हता. बिचारा उन्हानं पार करपला होता. माठातलं पाणी पिऊन म्हणाला, "मावशी, मला बी पटायलंय. पर गुलाबापायी मशीन उभं केलं म्हणलं तर मलाच घरी धाडतील." त्याच्यावर तरी काय चिडणार? चिडले, पण उपयोग नव्हता.

वैशाखातली आमची काळी जमीन ज्यानं पाहिली आहे त्यालाच हे कळेल. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. झाड हलवायचं तर मुळांभोवतीचा मातीचा गोळा अखंड निघायला हवा. मी आधी पाणी मुरवलं, भोवतीनं चर खणला, गोळ्याला गोणपाट बांधलं. दोन गडी बोलावून उचलायला गेलो आणि गोळा जुन्या भेगांवरून फुटला. मुळं उघडी पडली. त्याच्या काड्या कापून जाळीखाली रेतीत लावल्या, दिवसभर पाण्याचा फवारा मारत बसले. वैशाखात गुलाबाची काडी लागत नाही असं लोकांना सांगण्यात माझा जन्म गेला, आणि मीच लावत होते. सगळ्या काड्या काळ्या पडल्या. झाडही गेलं.

मी रडले. मालक गेले तेव्हा भोवती माणसं होती, सगळ्यांबरोबर रडता आलं. गुलाब गेला म्हणून रडणाऱ्या बाईला कोण धीर देणार? "दुसरा लावा की काकू, तुमची तर नर्सरीच हाय," असं म्हणणाऱ्याच्या डोक्यात मला झारी घालावीशी वाटायची. आणि गिऱ्हाइकं माठातलं पाणी पिऊन विचारायची, "पाणी बदललंय का ओ?"

पाऊस लागला आणि काड्या लावायचे दिवस आले, तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. इतक्या जणींनी इतकी वर्षं चोरून नेलाय, कुणाकडे तरी असेलच! ज्यांच्या नावानं बोटं मोडली त्यांची मी आठवून आठवून घरं शोधायला लागले.

परभणीतल्या एका मॅडमकडे गेले. त्यांनी नेलेला गुलाब कुंपणाशी छान वाढलेला मी पूर्वी रिक्षातून जाता-येता पाहिला होता. आता तिथं कुंपणापासून पायरीपर्यंत सिमेंटचे ठोकळे. मातीचा कण दिसेना. "पाकळ्यांचा लय कचरा व्हायचा काकू," मॅडम म्हणाल्या. मग मला आत नेऊन प्लास्टिकचा वेल दाखवला. याला पाणी लागत नाही, हेही सांगितलं. मी त्यांच्याकडचा चहा न पिता उठले. चुडाव्याला रेल्वे स्टेशनजवळ एक बाई राहायच्या, त्यांचा गुलाब शेळीनं खाल्ला होता. शेळी तिथंच बांधलेली होती, माझ्याकडे बघत रवंथ करत होती. आणखी एकीनं तर सरळ कानावर हात ठेवले, "आमी कवा चोरला?" तिला मी स्वतः पकडलं होतं.

अक्कांकडे असणार हे मला सुरुवातीपासून वाटत होतं. म्हणूनच मी आधी बाकी सगळीकडे हिंडून घेतलं. शेवटी कुठलंच घर उरलं नाही तेव्हा ताडकळसची एसटी धरली.

अक्का मागच्या परसात भांडी पालथी घालत होत्या. मी दारात उभी राहिले. त्यांनी बघितलं, आणि पुन्हा भांडी पालथी घालायला लागल्या. मी मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हते. मोरीच्या कडेला माझा गुलाब होता. पत्र्यापर्यंत गेलेला, अंगभर कळ्या. आणि मी जन्मभर जे जे करू नका म्हणून घसा कोरडा केला ते ते सगळं तिथं केलेलं होतं. निव्वळ काळी माती. भांड्यांचं साबणाचं पाणी थेट बुडाशी सोडलेलं. चहाचा चोथा, खरकटं, विंचरलेल्या केसांचा गुंता. कधी छाटणी नाही. फांद्या फाटक्या लुगड्याच्या चिंधीनं खिडकीला बांधलेल्या. मला त्या झाडाचा असा राग आला की काय सांगू. माझ्याकडे काय कमी पडलं होतं त्याला?

"अक्का, माझं झाड गेलं," मी म्हटलं.

"आयकलंय मी. रस्त्यात गेलं म्हणं," त्या भांड्यांकडे बघतच म्हणाल्या. मग एक पातेलं पालथं घालून, "वाईट झालं. तुमच्या मालकाचं व्हतं."

"एक फांदी द्याल का?"

"न्हाई."

"मग विकत द्या."

"गुलाब इकायचा धंदा न्हाई आमचा."

"अक्का, बाजारातलं ते अजून मनात धरून—"

"ते न्हाई ओ!" आता त्या माझ्याकडे वळल्या. त्याही वैतागल्या होत्या. "मागून नेलेलं लागत न्हाई, कितीदा सांगायचं? येकदा गेलंय तुमच्या हातून. म्या हातानं दिलं अन् परत गेलं, तर मग कुटून आणायचं? आता माझी पूजा राह्यलीय. मी आत जायलेय. येळ लागंल मला."

आणि त्या खरंच आत गेल्या. स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घेतलं.

मी एकटी त्या मोरीपाशी उभी. वयाची साठी उलटलेली, केस पांढरे झालेले, सगळी जिंदगी चोरांना शिव्या घालण्यात गेलेली, आणि माझ्यावर ही पाळी. आतून पूजेची घंटी ऐकू यायला लागली. माझ्या पिशवीत कात्री होती, ती नेहमीच असते. चांगली पेन्सिलएवढी जाड फांदी बघितली, डोळा बघितला, कात्री लावली. काप अर्धा झाला आणि आतली घंटी एकदम थांबली. मी घाबरून फांदी ओढली.

साल सोलली गेली. जास्त नाही, वीतभर. पण सोलली गेली.

फांदी पदराखाली कमरेला खोचून मी परसाच्या दाराकडे सटकत होते, तोच आतून हाक आली, "विमलबाई, च्या पिल्याबिगर जाऊ नगा!"

मग मी स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा प्याले. कमरेला काटे टोचत होते. अक्का समोर बसून निवांत विचारत होत्या, औंदा मिरचीची रोपं कशी झाली, पाऊस तिकडं किती हाय, गुडघे काय म्हणायलेत. मी हं हं करत होते.

"नीट बसा की. टोचायलंय का काई?" अक्कांनी विचारलं.

"नाही हो. गुडघेच."

"हां. वयच झालं आता," त्या म्हणाल्या आणि माझ्या बशीत आणखी चहा ओतला. मी निघाले तेव्हा त्या परसात येऊन गुलाबाकडे बघत उभ्या राहिल्या. सोललेली जागा तिथून स्पष्ट दिसत होती. "शेणामातीचा लेप लावावा लागंल आज," त्या म्हणाल्या. "मांजरीनं वरबाडलेलं दिसायलंय."

घरी येईपर्यंत मी एसटीत एकदाही पाठ टेकली नाही.

त्या फांदीचे तुकडे करून मी शास्त्राप्रमाणे लावले. धुतलेली रेती, मुळं फुटायची पावडर, हिरवी जाळी, सकाळ-संध्याकाळ फवारा. एक शेंड्याकडचा, अगदी मरतुकडा तुकडा उरला होता, तो रागारागानं आमच्या मोरीशेजारी काळ्या मातीत खोचला आणि त्याच्यावर भांड्यांचं पाणी ओतलं. कुठला लागला ते मी इथं लिहायला नको, कारण अंक गिऱ्हाइकंही वाचणार. पण लिहिते. रेतीतले सगळे कुजले. उद्यापासून मला कोण विचारणार आहे!

आता तो नव्या फाटकाशी आहे. आधी वाटलं होतं, मागं लावावा, जाळीच्या आत, कुलपात. पण जो मी राखला तो गेला आणि जो चोरीला गेला तोच उरला, हे डोळ्यांनी पाहिल्यावर कुलूप कुणासाठी लावायचं? अक्का बेल न्यायला पुन्हा यायला लागल्या. माठातलं पाणी पिऊन म्हणाल्या, "आता झालं पाणी पयल्यासारकं." मी आत गेले आणि उगीचच कुंड्या इकडच्या तिकडं करत बसले.

फाटकाला मी सुतळीनं एक धारदार कात्री बांधून ठेवली. चांगल्या घरची एखादी बाई फाटकाशी रेंगाळायला लागली की मी झारी घेऊन हौदाकडे जाते आणि हौदापाशी बराच वेळ घालवते. न्यायचा तर न्या बायांनो, पण डोळ्याखाली तिरका काप द्या, साल सोलू नका, एवढंच माझं म्हणणं. कुणी ऐकेल अशी आशा नव्हती.

परवा झारी भरून परत आले तर गुलाबाची एक फांदी गेलेली. चष्मा लावून जवळ जाऊन पाहिलं. काप डोळ्याच्या बरोबर खाली, तिरका, स्वच्छ. साल कुठंही हललेली नव्हती. मालकांची फार आठवण आली. डोळे पुसले आणि कात्री नीट अडकवून ठेवावी म्हणून सुतळीला हात घातला.

नुसती सुतळी हातात आली. कात्रीसुद्धा नेली होती.